सौर बोटीने महासागर पार करताना: विजेचा ताळेबंद, हल, बॅटरी आणि मार्ग

तराफा

फक्त उन्हाच्या विजेवर महासागर ओलांडता येतो, हे आता कुणाला पटवून द्यायला नको. जपानचे केनइची होरिए १९८५ साली 'सिक्रिनर्क' या सौर बोटीतून एकटे हवाईहून जपानच्या चिचिजिमा बेटावर पोचले. पुढे १९९६ मध्ये पुनर्वापराच्या अ‍ॅल्युमिनियमपासून बांधलेल्या बोटीतून त्यांनी एक्वादोरच्या सालिनासहून टोकियो गाठलं. 'सन-२१' ही १४ मीटरची स्विस कॅटामरान (दोन हल, म्हणजे पाण्यात बसणारे दोन सांगाडे, असलेली बोट) पाच जणांना घेऊन अटलांटिक ओलांडून २ फेब्रुवारी २००७ ला मार्टिनिकला आणि त्याच वर्षी ८ मे रोजी न्यूयॉर्कला पोचली. मग आली 'टूरानोर प्लॅनेटसोलर'. लांबी ३१ मीटर, पॅनेल ५०० चौरस मीटरहून जास्त, लिथियम बॅटरी साडेआठ टनांची. २७ सप्टेंबर २०१० ला मोनाकोहून निघून ४ मे २०१२ ला तिने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

हा धागा मध्यम आकाराच्या बोटीसाठी आहे. दोघातिघांनी चालवायची, १२ मीटरची, दोन सडपातळ हलची. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना बोट धरतो, सगळ्यांनी तिच्यावरच हिशोब करावा.

भरलेलं वजन ६ टन. छपरावर १० किलोवॅटची पॅनेल, म्हणजे साधारण ४८ चौरस मीटर. मार्ग कॅनरी बेटं ते कॅरिबियन, सुमारे २,७०० सागरी मैल.

आवक: हिवाळ्यात या मार्गावर आडव्या पॅनेलला दिवसाला सरासरी साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरा (दिवसभराचं कमीजास्त ऊन पूर्ण ताकदीच्या तासांत मोजून). उष्णता, मीठ, सावली, तारा आणि कंट्रोलर यांत २२ टक्के जातात. १० × ४.५ × ०.७८ = ३५ युनिट रोज. (या धाग्यात युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.)

घरखर्च: ऑटोपायलट, एआयएस (आपली जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र), रेडिओ, नकाशाचा पडदा, फ्रिज, खारं पाणी गोडं करायचं यंत्र, स्वयंपाक. काटकसर केली तर साडेचार ते पाच युनिट.

उरली ३० युनिट. भागिले २४ तास, म्हणजे मोटरला सतत मिळणार जेमतेम १.२५ किलोवॅट. छपरावर १० किलोवॅट असलेल्या बोटीला सरासरीत हाती येतात ते सव्वा किलोवॅट, आणि पुढचं सगळं डिझाइन या आकड्यावर उभं राहतं.

या बोटीला शांत पाण्यात लागणारी वीज, बॅटरीपासून पंख्यापर्यंतचे (पंखा म्हणजे पाण्यात फिरणारा प्रॉपेलर) सगळे तोटे धरून; नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल:

३ नॉट: अर्धा किलोवॅट
४ नॉट: १.२५ किलोवॅट
५ नॉट: २.५ किलोवॅट
६ नॉट: ४.५ किलोवॅट

म्हणजे ही चार नॉटची बोट आहे. दिवसाला ९६ मैल, प्रवास २८ दिवसांचा. आता यातल्या एकेका आकड्यावर बोला.

शंखशिंपले

दोन शंका. छप्पर वाढवून १० ऐवजी २० किलोवॅट बसवले तर वेग दुप्पट का होणार नाही? आणि दिवसा ऊन आहे तोवर सहा नॉटने पळून रात्री अगदी मंद चाललं तर बॅटरी लहान लागेल ना? बॅटरीत वीज भरून परत काढण्यातला तोटाही वाचेल.

तराफा

@शंखशिंपले, दोन्हींचं उत्तर एकाच नियमात आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते.

वीज दुप्पट केली तर वेग दोनच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे २६ टक्के. चार नॉटचे पाच. आणि तेही वाढीव छपराचं वजन आणि त्यावर बसणारा वारा शून्य धरला तर.

दुसऱ्या शंकेचा हिशोब: २४ तास चार नॉट म्हणजे ४³ × २४ = १५३६. बारा तास सहा नॉट आणि बारा तास दोन नॉट म्हणजे (२१६ + ८) × १२ = २६८८. अंतर तेच ९६ मैल, पण ऊर्जा ७५ टक्के जास्त. लिथियम बॅटरीत भरून काढताना पाच ते आठ टक्के जातात. आठ टक्के वाचवायला ७५ टक्के घालवायचे, हा व्यवहार परवडत नाही. वेग अहोरात्र शक्य तितका एकसारखा ठेवायचा. बॅटरीचं पहिलं काम वादळात मदत करणं नसून दुपारची वीज पहाटेपर्यंत सपाट पसरवणं हे आहे.

हाच नियम ढगाळ दिवशी तुमच्या बाजूने उभा राहतो. मोटरला मिळणारी वीज निम्मी झाली तर वेग निम्मा होत नाही, फक्त २१ टक्के कमी होतो. सौर बोट महासागरासाठी भरवशाची ठरते ती या गुणामुळे. मात्र तो गुण चार नॉटवर समाधान मानणाऱ्यालाच मिळतो. वेळापत्रक गाठायला सहा नॉटचा हट्ट धरला की तोच घन उलटतो.

सुकाणू

हिशोब पटला, पण यात वारा नाही. माझ्या मते सौर बोटीत पॅनेलपेक्षा वाऱ्याचा विचार आधी करायला हवा, कारण छप्पर आहे म्हणजे वाऱ्याला धरायला जागा आहे.

नमुना बोटीचं समोरून दिसणारं क्षेत्र १२ चौरस मीटर धरा, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.९. चार नॉटला पाण्याचा विरोध साधारण ३२० न्यूटन येतो. आता:

समोरून १५ नॉट वारा असेल तर बोटीचा वेग मिळवून १९ नॉट लागतो. हवेचा विरोध सुमारे ६३० न्यूटन, म्हणजे पाण्याच्या जवळपास दुप्पट. चार नॉट टिकवायला सव्वाऐवजी पावणेचार किलोवॅट हवेत. तेवढे रोज मिळत नाहीत, मग वेग दोन नॉटच्या आसपास येतो आणि लाटा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) आपटायला लागल्या की आणखी उतरतो.

मागून तेच १५ नॉट असतील तर बोटीला ११ नॉट जाणवतात आणि सुमारे २१० न्यूटनचा ढकला मिळतो. पाण्याच्या विरोधाचा दोन तृतीयांश भाग वारा उचलतो. त्याच सव्वा किलोवॅटमध्ये साडेचार नॉटच्या वर चाल मिळते.

म्हणून छप्पर बुटकं ठेवा. पुढची कड गोल, बाजू मोकळ्या, रेलिंग बारीक. छपरावर एकही अनावश्यक वस्तू नको. पुढच्या क्षेत्रातून दोन चौरस मीटर कापलेत तर समोरच्या वाऱ्यात चार नॉट टिकवताना जे मिळतं ते दोन किलोवॅटची जादा पॅनेल लावूनही मिळत नाही.

छपराच्या बांधणीबद्दल: ४० नॉटच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे २६० न्यूटन. ४८ चौरस मीटरवर तो उचलदाब म्हणून आला तर साडेबारा हजार न्यूटन, जवळपास सव्वा टन वजनाइतकी वर खेच. ती छपराच्या खांबांतून थेट हलच्या आडव्या भिंतींत उतरली पाहिजे, नुसत्या डेकच्या पत्र्यात नाही. पॅनेलच्या चौकटी चार क्लिपांवर सोडू नका, लांब बाजूच्या दोन्ही कडा अखंड रुळावर धरा. क्लिपा लाटेच्या थरथरीने सैल होतात, मग पॅनेल फडफडतं, आणि त्याची काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलना बारीक भेगा जातात.

पंखा मोठा आणि संथ हवा. या बोटीला प्रत्येक हलमागे ५०० ते ६०० मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला ३०० ते ५०० फेऱ्यांचा. लहान वेगवान पंखा थोड्या पाण्याला जोरात मागे फेकतो आणि ऊर्जा त्यातच जाते. शिवाय तो खोल असला पाहिजे. प्लॅनेटसोलरचे मूळचे पंखे अर्धे पाण्याबाहेर फिरणारे होते. प्रदक्षिणेनंतर ते बदलून पूर्ण बुडालेले बसवले गेले आणि २०१३ मध्ये तिने लास पाल्मास ते सेंट मार्टिन हे अंतर २२ दिवस १२ तास ३२ मिनिटांत कापलं, स्वतःच्याच आधीच्या वेळेतून चार दिवसांहून जास्त वाचवून.

किलोवॅट

तराफा यांनी छपराच्या वजनाकडे नुसता निर्देश केलाय, मी पॅनेलच्या बाजूने आकडे देतो.

काचेचं ४५० वॅटचं पॅनेल २३-२४ किलोचं असतं. असे २२ म्हणजे सव्वापाचशे किलो, आणि तेही बोटीच्या सर्वांत उंच जागी. अर्ध-लवचिक पॅनेलमध्ये हेच वजन दीडशे किलोच्या आसपास येतं.

जोडणी: दोन-दोन पॅनेल एकामागे एक, अशा दोन जोड्या समांतर, म्हणजे चार पॅनेलमागे एक एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं यंत्र). उघड्या टोकांचा दाब १०० व्होल्टच्या आसपास राहतो, त्याला १५० व्होल्टचा कंट्रोलर पुरतो. असे सहा कंट्रोलर लागतील. एकच मोठा का नको? एक म्हणजे अँटेनाची काठी, दिव्याचा खांब, बसलेला पक्षी, यांची सावली सतत सरकत असते. लांब साखळीत एका पॅनेलवरची सावली बाकीच्यांनाही खाली ओढते. दुसरं म्हणजे भर समुद्रात एक कंट्रोलर गेला तर सहावा हिस्सा जातो, सगळं नाही.

दोनच साखळ्या समांतर असतील तर साखळीगणिक फ्यूज लागत नाही. तिसरी जोडलीत की लावायलाच हवा, कारण एक साखळी बिघडली तर उरलेल्या दोन्हींचा प्रवाह तिच्यात उलटा शिरतो.

उष्णता: सेल ६० अंशांवर गेला की ठरलेल्या क्षमतेतून १२ टक्के वजा होतात. पॅनेलखाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा.

मीठ: दिवसभराच्या तुषारांचा थर रात्रीच्या दवात विरघळतो. पहाटे ऊन चढायच्या आत ओल्या मऊ फडक्याने पुसलं तर निघून जातं. दुपारी पुसलं तर तेच मीठ घासलं जाऊन काचेवर धुरकट पट्टे बसतात.

सर्वांत जास्त बिघाड जोड्यांत होतात. एमसी-४ जोड्या (पॅनेलच्या तारांचे ठरावीक प्लग) वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकमेकींत बसतात, पण नीट बसत नाहीत. आत बारीक फट राहते, खारी हवा शिरते, स्पर्शबिंदू हिरवा पडतो, तापतो आणि प्लास्टिक वितळतं. दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या घ्या, योग्य पक्कडीनेच दाबा, आणि जोड छपराखाली बांधा. लोंबकळत ठेवू नका. निघण्याआधी भर दुपारी पूर्ण भारावर तापमापी कॅमेऱ्याने एकेक जोड बघा, खराब जोड लगेच चमकतो.

शंखशिंपले

मग अर्ध-लवचिकच घ्यावीत ना? पावणेचारशे किलो वाचतायत.

किलोवॅट

वजन वाचतं, आयुष्य जातं. ती थेट डेकला चिकटवली तर मागे हवा नाही, सेल ७०-७५ अंशांवर जातो. त्यात डेक लवतो, वर माणूस चालतो, सेलला भेगा जातात. भेगेमुळे तो भाग कमी वीज देतो, शेजारचे सेल त्याच्यातून प्रवाह रेटतात, तिथे गरम ठिपका होतो आणि वरचा थर करपतो.

मधला मार्ग आहे: फोम भरलेला पातळ कंपोझिट तक्ता, त्यावर अर्ध-लवचिक पॅनेल, आणि तक्ता छपरापासून उचललेला. तक्ता ताठ असल्याने पॅनेल वाकत नाही आणि खालून हवा खेळते. चौरस मीटरला सहा किलोपर्यंत येतं. त्यावर चालायचं मात्र नाही. पुसायला आणि तपासायला दोन ओळींमध्ये ३० सेंटिमीटरची वाट सोडा. ही वाट सोडल्याने एखादं पॅनेल कमी बसेल, तरी सोडाच.

अर्धभरती

बॅटरी किती मोठी आणि कशी, यावर कुणीतरी सविस्तर लिहा. बहुतेक आराखड्यांत "४० युनिट लिथियम" एवढंच लिहिलेलं असतं.

किलोवॅट

आकार आधी. पॅनेलची आवक खर्चाच्या खाली असते असे तास हिवाळ्यात १५ ते १६. खर्च मोटरचे १.२५ आणि घरचे ०.२ किलोवॅट. म्हणजे रात्र काढायला २३ युनिट. तळाची ३० टक्के रोजच्या चालीत वापरायची नाही असं ठरवलं, की २३ युनिटसाठी ३३ ची बॅटरी हवी. एखाद्या ढगाळ दिवसाची सोय धरून ४० बरोबर. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये खोके-तारांसकट साडेतीनशे ते चारशे किलो. ८० युनिट घेऊ नका. आवक ३५ ची आहे, ८० भरणार कधी? ते वजन महिनाभर फुकट ओढाल.

रचना: १६ सेलचे, ५१.२ व्होल्टचे, दोन स्वतंत्र संच. एकेका हलमध्ये एक, प्रत्येकाला आपली मोटर, आपले तीन कंट्रोलर. मधे हाताने फिरवायचा जोड-स्विच, एरवी तोडलेला. ६० व्होल्टच्या खाली राहिल्यामुळे ओल्या हाताने काम करताना जिवाला धोका बराच कमी. मोबदल्यात प्रवाह मोठा, एका मोटरला ४ किलोवॅट द्यायचे तर ८० अँपिअर. तारा जाड आणि अंतर कमी ठेवा.

आता खरा धोका. बीएमएस (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) एखादा सेल भरून वर चाललेला पाहते आणि मुख्य काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेचा मोठा स्विच) उघडते. त्या क्षणी पॅनेल जोरात चालू आहेत, बॅटरी मात्र गायब. कंट्रोलरना दाब आवरायला वेळ मिळत नाही, तारांवरचा दाब उसळतो आणि मोटरचा कंट्रोलर, ऑटोपायलट, रेडिओ, जे जोडलेलं असेल ते जळतं. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, बॅटरी काठोकाठ भरलेली असताना हे होतं, म्हणून बंदरातल्या छोट्या चाचणीत ते दिसत नाही.

उपाय म्हणजे क्रम. बीएमएसने आधी इशाऱ्याच्या तारेवरून कंट्रोलर बंद करायचे. ते बंद पडले नाहीत तरच, काही सेकंदांनी, काँटॅक्टर उघडायचा. खालच्या टोकालाही तसंच: सेल ३.१ व्होल्टला आला की मोटर आपोआप मंद, त्याखाली मोटर बंद, आणि काँटॅक्टर अगदी शेवटी २.८ ला. रेडिओ, दिवे आणि एआयएस यांना वेगळी छोटी बॅटरी द्या, म्हणजे मुख्य संच तुटला तरी बोट आंधळी-मुकी होणार नाही.

भरण्याची मर्यादा ३.४५ व्होल्ट प्रति सेल, म्हणजे संचाला ५५.२. त्याहून वर रेटून मिळणारी वीज नगण्य असते.

फ्यूज टी-वर्गाचाच. लिथियम संचाचा शॉर्ट काही हजार अँपिअरचा असतो. साधा पट्टीचा फ्यूज वितळतो, पण आतली ठिणगी तोडू शकत नाही.

आणखी एक गोष्ट महासागरावरच कळते. या सेलचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून "किती टक्के उरली" हे शंट आत-बाहेरचा प्रवाह मोजून सांगतो. त्याची रोजची बारीक चूक बॅटरी पूर्ण भरली की पुसली जाते. पण सलग आठवडाभर ढग असले आणि बॅटरी एकदाही भरली नाही, तर चूक साचत जाते. पडदा ४५ टक्के दाखवतो, प्रत्यक्षात ३० असते. अशा वेळी टक्क्यांवर विसंबू नका. पहाटे मोटर दहा मिनिटं थांबवून सर्वांत कमी सेलचा दाब नोंदवा आणि रोजच्या आकड्याशी ताडून बघा. आठवड्यातून एकदा, कमी चाल पत्करूनही, दुपारी बॅटरी पूर्ण भरू द्या. सेलही त्या वेळी एकमेकांशी जुळून येतात.

खारेवारे

मार्गाबद्दल लिहितो. शिडाच्या बोटी जो मार्ग घेतात तोच सौर बोटीलाही हितकर, कारण सुकाणू यांनी दाखवल्याप्रमाणे मागचा वारा दोन तृतीयांश भाडं भरतो.

अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यानंतर व्यापारी वारे स्थिरावतात. अडचण अशी की तेव्हाच सूर्य दक्षिणेला गेलेला असतो. कॅनरी २८ अंश उत्तरेला. डिसेंबरात तिथे आडव्या पॅनेलला तीन-सव्वातीन तासांचंच पूर्ण ऊन मिळतं. तराफा यांची साडेचारची सरासरी पूर्ण मार्गाची आहे, पहिल्या आठवड्याची नाही. सव्वातीनवर आवक २५ युनिट, घरखर्च वजा जाता मोटरला साडेआठशे वॅट. वेग साडेतीन नॉट. पहिल्या आठवड्याचं नियोजन यावरच करा.

म्हणून सरळ पश्चिमेला न वळता आधी केप व्हर्दीच्या दिशेने दक्षिणेला उतरायचं. २० अंशांवर २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, १५ अंशांवर साडेएकावन्नवर, आणि दिवसही थोडा मोठा. वाढलेलं अंतर उन्हातून वसूल होतं, शिवाय वारे जास्त स्थिर मिळतात. पण फार खाली जाऊ नका. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात वारा नसतो हे खरं, पण ढगांचे मनोरे असतात. तिथे ऊन आणि वारा दोन्ही गमावता.

उत्तर विषुववृत्तीय प्रवाह अर्धा ते एक नॉट पश्चिमेला नेतो. चार नॉटच्या बोटीला ही १२ ते २५ टक्क्यांची भेट आहे, दिवसाला १२ ते २४ मैल.

हवामानाचा अंदाज बघताना वाऱ्याइतकाच ढगांच्या आच्छादनाचा आणि सौर किरणांचा नकाशा उतरवून घ्या. ७० मैलांचा वळसा घेऊन ढगांचा पट्टा टळत असेल तर बहुतेक वेळा घ्यावा. पण त्या वळशात वारा नाळेवर येणार असेल तर घेऊ नये. वारा आधी, ऊन नंतर.

अरबी समुद्रात हाच तर्क: नैर्ऋत्य मोसमात, जून ते सप्टेंबर, ढग आणि खवळलेला समुद्र दोन्ही, तेव्हा सौर बोटीचं तिथे काम नाही. ईशान्य मोसमात आकाश स्वच्छ, वारा मवाळ, आणि पश्चिमेला जाणाऱ्याला तो मागच्या उजव्या अंगावर मिळतो.

अर्धभरती

नियमांची एक बाब सुटते आहे. सौर बोट आवाज करत नाही, हळू चालते, म्हणून अनेकांना वाटतं की तिला शिडाच्या बोटीसारखा मान मिळेल. मिळत नाही. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती यंत्रचलित बोट आहे. रात्री पुढचा पांढरा डोलकाठीचा दिवा, दोन्ही बाजूंचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा, सगळे हवेत. वीज वाचवायला मोटर बंद करून वाहत राहिलात तरी ती चालू प्रवासातली यंत्रचलित बोटच असते. "ताबा सुटलेली बोट" असे दोन लाल दिवे लावायची मुभा तुम्हाला नाही.

चार नॉटच्या बोटीला २० नॉटच्या मालवाहू जहाजासमोरून हटायला वेळ लागतो, म्हणून एआयएस प्रसारण चोवीस तास चालू. त्याला पाच-सहा वॅटच लागतात. काटकसर करायची तर उपग्रह इंटरनेटमध्ये करा. तो सतत चालू ठेवला तर ५० ते ७५ वॅट घेतो, दिवसाला दीड युनिट. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पुरतो.

वादळाबद्दल: कॅटामरान उलटली की परत सुलटी होत नाही. बॅटरीतली राखीव ३० टक्के वाऱ्यावर चालून जायला नसून बोटीची दिशा धरायला आहे. मागून लाटा चढू लागल्या की मोटरने पळायचं नाही. मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोर घेऊन शंकूंच्या माळेचा ओढ-नांगर सोडायचा. त्याच्या कड्या आराखड्यातच धरा, प्रत्येकीने बोटीच्या निम्म्याहून जास्त वजनाची खेच सोसली पाहिजे.

शंखशिंपले

जादा वीज हायड्रोजनमध्ये साठवली तर? 'एनर्जी ऑब्झर्व्हर' तसंच करते ना?

किलोवॅट

करते, पण ती तीस मीटरची प्रयोगनौका आहे. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, दाबून भरायचा, पुन्हा वीज करायची, यात मूळच्या विजेची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच परत मिळते. बॅटरीत नव्वद टक्क्यांहून जास्त. बंदरात आठवडेच्या आठवडे उभं राहून साठवायचं असेल तर हायड्रोजनला अर्थ आहे, कारण वजनाच्या मानाने त्यात ऊर्जा प्रचंड मावते. रोज भरून रोज संपवणाऱ्या १२ मीटरच्या बोटीला नाही.

तराफा

मानवरहित छोट्या बोटीचाही उल्लेख व्हायला हवा, कारण त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 'सीचार्जर' नावाची सव्वादोन मीटरची स्वयंचलित बोट, १०० वॅटची दोन पॅनेल, २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला ४१ दिवसांत पोचली. पुढे न्यूझीलंडच्या वाटेवर तिचं सुकाणू निकामी झालं आणि एका मालवाहू जहाजाने तिला उचललं. पॅनेल नाही, बॅटरी नाही, हलणारा भाग गेला. मोठ्या बोटीलाही हेच लागू. दोन मोटरमधल्या फरकाने बोट वळवता येईल असं ऑटोपायलट ठेवा, आणि हाताने फिरवायची सुकाणूची दांडी तयार ठेवा. ती बसवून, खऱ्या लाटेत वापरून बघा. कपाटात असलेली दांडी अडथळ्यांमुळे जागेवर बसतच नाही, हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही.

सुकाणू

त्यात भर: शेवाळ आणि बार्नेकल. संथ बोटीवर ती जोमाने वाढतात. सिलिकॉनचा निसरडा रंग दहा-बारा नॉटच्या जहाजावर आपोआप साफ होतो. चार नॉटला होत नाही, पण फडक्याने पुसला तर सहज निघतो. आठवड्यातून एकदा शांत दुपारी, दोर बांधून, एकजण पाण्यात आणि एकजण डेकवर नजर ठेवून, पाण्याची रेघ आणि पंखे पुसायचे.

केव्हा पुसायचं ते वीज सांगते. रोज एका ठरावीक वेळी, वारा कमी असताना, पाण्यातल्या मापकावर बरोबर चार नॉट आणा आणि मोटरचे वॅट लिहा. जीपीएसचा वेग घेऊ नका, त्यात प्रवाह मिसळलेला असतो. पहिल्या दिवशी १२५० असतील आणि दहाव्या दिवशी १४५०, तर हलवर वाढ झाली आहे. एका रात्रीत एकाच मोटरचे वॅट चढले तर त्या पंख्यात दोर, जाळं किंवा सागरी गवत अडकलंय. ताबडतोब ती मोटर थांबवा, उलटी फिरवून बघा. तसंच रेटत राहिलात तर दोर दांड्याच्या सीलमध्ये शिरतो आणि मग पाणी आत येतं. पंख्यापुढे दोर कापणारी पाती बसवणं उत्तम, पण जाड जाळ्यापुढे तिचं चालत नाही. मोटर वर उचलता येणारी असेल तर पाण्यात न उतरता काम होतं, आणि एकाच मोटरवर चालताना दुसरीचा अडथळाही जातो.

शंखशिंपले

निघण्याआधी किती दिवसांची चाचणी पुरेशी?

तराफा

किमान सलग ७२ तास, किनाऱ्यापासून दूर, पूर्ण वजन भरून, रात्रीसकट. पाणी, अन्न, सुटे भाग, माणसं सगळी चढवून, कारण अर्धा टन जास्त भरला की वरचे वॅटचे आकडे बदलतात. या तीन दिवसांत ताळेबंद जुळला पाहिजे. चौथ्या पहाटेची बॅटरी पहिल्या पहाटेपेक्षा कमी असेल तर वेग अर्ध्या नॉटने उतरवा आणि प्रवासाचे दिवस पुन्हा मोजा, पाणी-अन्नही त्याप्रमाणे.

त्याच फेरीत तीन गोष्टी मुद्दाम करा. वारा नाळेवर घेऊन सहा तास चाला आणि खरा वेग नोंदवा. एक मोटर बंद ठेवून रात्र काढा.

किलोवॅट

तिसरी मी सांगतो: भर दुपारी, बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर आणि पॅनेल जोरात असताना, बीएमएसचा "सेल भरला" हा इशारा हाताने द्या. सहाही कंट्रोलर शून्यावर आले, काँटॅक्टर जोडलेलाच राहिला आणि मोटर बॅटरीवर चालत राहिली, तर क्रम बरोबर आहे. एक जरी कंट्रोलर चालू राहिला तर त्याची इशाऱ्याची तार शोधा. बहुधा ती चुकीच्या टोकाला जोडलेली असते किंवा कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बाहेरून बंद करण्याची सोय निवडलेलीच नसते. ते दुरुस्त करून चाचणी दोन्ही संचांवर वेगवेगळी घ्या. जोड-स्विचने दोन्ही संच जोडून पुन्हा एकदा घ्या, कारण तेव्हा एका संचाचे कंट्रोलर दुसऱ्या संचाला भरत असतात आणि त्यांना बंद करणारा इशारा मात्र पहिल्याच बीएमएसकडून येत असतो.